डासाच्या पोटातलं बिऱ्हाड

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा नवऱ्याच्या मावशीने माझ्या आईला विचारलं, "चेडू करता काय?"

"सरकारी नोकरी आसा," आई म्हणाली.

"सरकारी म्हणजे नेमक्या काय?"

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आणि मग त्या वेळच्या माझ्या स्वभावाला धरून मी मान ताठ केली आणि म्हणाले, "मी डास चिरते."

मावशीने तोंडाजवळ नेलेला दोदोलच्या वडीचा तुकडा परत बशीत ठेवला. मालवणात मासे चिरता येणाऱ्या मुलीला मागणी असते, डास चिरणारीला कुठून असणार? तरी लग्न झालं. नवरा नंतर म्हणायचा, "मी म्हटलं, जी एवढ्याशा डासाचं पोट न फाडता बाहेर काढते, ती माझ्या पगारात घर चालवेल." बिचाऱ्याचा अंदाज साफ चुकला, पण तो वेगळा विषय.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण भिंतीवर डास बसला की अजून माझा हात त्याला मारायला उठत नाही. आधी मान वाकडी करून तो कसा बसलाय ते बघते. पाठ भिंतीला समांतर असेल तर साधा, गटारातला. डोकं भिंतीशी आणि बूड वर करून तिरपा बसला असेल तर तो आपला, म्हणजे हिवताप नेणाऱ्या जातीतला. नात ओरडते, "शामाय, मार गो तेका!" आमच्या ख्रिस्तांवांत आजीला शामाय म्हणतात. शामाय तोवर चष्मा शोधत असते.

मी हिवताप कार्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. लोकांना वाटतं, डास म्हणजे एक सुई. याला टोचली, तशीच त्याला टोचली, झाला रोग. तसं असतं तर माझी नोकरीच निघाली नसती. डासाच्या पोटात जो संसार चालतो तो बघण्यासाठी सरकार मला पगार देत होतं.

तो संसार असा. नर डास गरीब असतो, फुलातला रस पिऊन जगतो. रक्त लागतं ते मादीला, आणि तेही चोचले म्हणून नाही, अंडी भरण्यासाठी. हिवतापाच्या माणसाचं रक्त तिने प्यायलं की त्या रक्तातले जंतूंचे नवरे आणि नवऱ्या तिच्या पोटात जातात. माणसाच्या अंगात त्यांचं लग्न लागत नाही, मांडव लागतो डासाच्या पोटातच. लग्न झालं की ते जोडपं एकजीव होऊन जठराच्या भिंतीत घुसतं आणि बाहेरच्या अंगाला फोडासारखं चिकटून बसतं. फोड फुगत जातो. त्याच्या आत हजारांनी पोरं, सुईहून बारीक. मग तो फुटतो आणि ही सगळी फौज डासाच्या अंगातून वाट काढत लाळेच्या पिंडांत जाऊन बसते. डास चावताना रक्त ओढायच्या आधी थोडी लाळ सोडतो. त्या लाळेतून ती पोरं पुढच्या माणसाच्या अंगात उतरतात.

आता खरी गंमत. हे सगळं व्हायला आपल्याकडच्या उकाड्यातसुद्धा दहा-बारा दिवस लागतात. डासाच्या आयुष्यात हा फार मोठा काळ. बहुतेक जणी त्याच्या आधीच कोळ्याच्या, पालीच्या नाही तर तुमच्या-आमच्या हाताने मरतात. म्हणजे तरुण डासीण नुसती चावते. रोग पोचवते ती म्हातारी. वय ओळखायची खूणही आहे. तिच्या अंडाशयाच्या नळ्यांवर प्रत्येक बाळंतपणाची एक गाठ राहते. मी दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, त्या गाठी मोजायची आणि म्हणायची, "बाये, बरंच सोसलंस गो." घरात म्हातारीला कोणी कमी लेखलं की मी हा मुद्दा अजून काढते.

डास पकडून आणायचं काम बाबलमामांचं. ते माझ्याहून वयाने वडील, पदाने कीटक संग्राहक. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काचेची नळी, नळीला रबरी नळी. सकाळी गोठ्यात जाऊन भिंतीवर बसलेल्या डासावर काच धरायची आणि रबरी टोकातून तोंडाने अलगद श्वास ओढायचा. डास काचेत येतो. मधे जाळीचं कापड असतं म्हणून तो पुढे येत नाही. पहिल्याच दिवशी मी ऐटीत म्हणाले, "द्या इकडे, मला प्रशिक्षणात शिकवलंय." पायांत उंच टाचांची चप्पल, केसांना सुवासिक तेल, गोठ्यात शेणात उभी. जाळी बसली आहे की नाही ते न बघताच जोरात ओढलं. डास थेट घशात. मी खोकून खोकून लाल. बाबलमामा शांतपणे म्हणाले, "फिलू, आज शुक्रार. उपासाक मटण खाल्लंस!"

फिलू म्हणजे मी. पूर्ण नाव फिलोमिना, पण बाबलमामांनी ते कधी पूर्ण होऊ दिलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते. देवगड तालुक्यातलं खाडीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण तिथून मला अजून दर मोसमाला हापूसची पेटी येते आणि ती बंद पडायला नको आहे. शिमगा होऊन गेला होता, कैऱ्या धरल्या होत्या. तिथे मुलांना थंडी वाजून ताप यायला लागला म्हणून आम्हाला धाडलं होतं. शाळेची एक खोली दिली, टेबल दिलं. मी दुर्बीण मांडली आणि गावात गेले तर गावाने निदान आधीच करून ठेवलेलं.

"हे नेपाळी इले आणि ताप इलो."

आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. त्या वर्षी एक जोडपं नवीन आलं होतं. बाई मनमाया, कडेवर तान्हं मूल. नवऱ्याचं नाव कोणी विचारलं नव्हतं, सगळे 'बहादूर' म्हणत. बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपट्यात, राहत होती. आणि येऊन आठवडा होतो न होतो तोच मनमायाला ताप भरला. गावाला आणखी काय पुरावा हवा?

देवळात बैठक बसली. बोलत होते तात्या. तात्या म्हणजे वरच्या वाडीचे, गावचे पहिले मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा, आणि खालच्या वाडीला ते कायम सलायचं. आवाज असा की समुद्रावरची होडी वळावी. तात्या म्हणाले, "कोणाशी वैर नाय. पण जेणा ताप हाडलो, तेणा गावाभायर जावचा. परवा सकाळी टेम्पो येतलो." ज्याने ताप आणला त्याने जायचं, असा ठराव झाला. सगळ्यांनी माना हलवल्या. बागवाल्यानेही हलवली. एका राखणदारासाठी गावाशी कोण भांडणार?

मी मांगरात गेले. मनमाया चटईवर पडली होती, अंगाला हात लावला तर चटका. मूल रडून रडून थकलेलं. मोडक्या हिंदीत ती एकच सांगत होती, "दूध नहीं पीता, दीदी." मी तिच्या पदराखाली हात घातला. छाती दगडासारखी. माझा थोरला तेव्हा वर्षाचा होता, मला दुर्बिणीची गरज पडली नाही. दूध साकळलं होतं, आत पू धरायला लागला होता. तरी रीत म्हणून तिच्या आणि नवऱ्याच्या बोटाचं रक्त काचेवर घेतलं. दोन्ही काचा स्वच्छ. या बाईला दवाखाना हवा होता, आणि गाव तिला तापलेल्या टेम्पोतून वाटेला लावत होतं. कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं.

तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "काचेत तुका काय दिसला नि काय नाय, ता आमका काय म्हायत? तिच्यात नाय तर दुसऱ्या नेपाळ्यात आसतला."

मग मी भाषण केलं. अहाहा! आज आठवलं तरी पदर तोंडावर घ्यावासा वाटतो. देवळाच्या पायरीवर उभी राहून मी म्हणाले, "ग्रामस्थहो, हिवतापाच्या परजीवीचे लैंगिक जीवनचक्र कीटकाच्या जठरभित्तिकेवर पूर्ण होते." पुढेही असंच बरंच काही. लोक इतके शांत बसले की मला वाटलं, जिंकले. शेवटी खांबाला टेकलेली एक म्हातारी म्हणाली, "भाषान बरा झाला गो चेडवा. आता मराठीत सांग."

बाबलमामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोलान काय होवचा नाय. उद्या डास मिळता काय बगूया."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोठ्यागोठ्यातून डास आणले आणि मी चिरायला बसले. चिरायचं म्हणजे सुरी नाही. डासाला गुंगी द्यायची, काचेवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात निजवायचं, दोन सुया घ्यायच्या. एका सुईने छाती दाबून धरायची, दुसरीने डोकं हलकेच ओढायचं. हात बरा असेल तर डोक्याबरोबर लाळेचे दोन पिंड ओढले जातात, डोळ्यातल्या आसवाएवढेही नाहीत. त्यांवर पातळ काच दाबायची की ते फुटतात, आणि आत काही असेल तर बाहेर पडतं. बहुतेक वेळा काही नसतं. वर्षानुवर्षं चिरत बसा, पिंड रिकामे. मी तोवर भरलेला पिंड फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितला होता.

त्या दिवशी बघितला. नळ्यांवर गाठी असलेली एक म्हातारी डासीण होती. पिंड फुटला आणि बारीक, किंचित वाकड्या काड्या थव्याने बाहेर पडल्या. मी खुर्चीवरून उठले आणि शाळेच्या खोलीत नाचले. बाबलमामा दारातून म्हणाले, "लॉटरी लागली काय गो?" आणि मग मला आठवलं की ही काही आनंदाची बातमी नाही. कोणाच्या तरी पोराचा ताप आहे हा.

"ही कोणाच्या गोठ्यातली?" मी विचारलं.

बाबलमामांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "तात्यांच्या."

मी ती काच सुकवली, रंगवली, दुर्बीण उचलून देवळाच्या सभामंडपात नेली आणि आरशावर ऊन धरलं. माझं यंत्र देवळात चालेल का, असं मी दारातच विचारलं. तात्या म्हणाले, "हाड गो. देवाक म्हायत आसा तू ख्रिस्तांवांतली ता." मग जमलेल्या गावासमोर ते स्वतःच पहिल्यांदा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"काय दिसता तात्यांनू?"

"केस. काळे केस."

"तुमच्या पापणेचे ते. डोळो वायच मागे घेवा."

त्यांनी डोळा मागे घेऊन परत लावला. "भाताच्या तुसासारख्या काय ता?"

"तोच ताप. डासाच्या थुकीतलो. तात्यांनू, डासाच्या पोटात हेंका एवढा वाढूक दहा-बारा दिस तरी लागतत. मगे हिणा तापाच्या माणसाचा रक्त कधी प्याला आसतला?"

"तेच्या आधी," तात्या म्हणाले. हिशेब साधा होता, कोंबडीखाली अंडी ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो येतो.

"आणि नेपाळी कधी इले?"

कालचीच म्हातारी बोटं मोजत म्हणाली, "आठवडो नाय झालो. अंडा घालूच्या आधी पिला कशी येतीत?"

"म्हणजे जेचा रक्त ही प्याली, तो हयलोच आसा," मी म्हणाले. "तो मिळूक व्हयो. सगळ्यांच्या बोटाचा थेंबभर रक्त द्या."

झालं. जो तो उठला. कोणाला खाडीवर काम आठवलं, कोणाची म्हैस सुटली. "रक्त नेपाळ्यांचा घे, आमचा कित्याक?" टेम्पोचा ठराव तसाच राहिला. माझी म्हातारी डासीण पदकासारखी मिरवत मी एकटी उभी.

तेव्हा मला जे सुचलं ते पुस्तकात नव्हतं. पेटी बंद करता करता मी बाबलमामांना मुद्दाम मोठ्याने विचारलं, "मामा, पयल्या बोटाचो मान कोणाचो? वरच्या वाडीचो की खालच्या?"

बाबलमामांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले. "खालच्या वाडीचो आसात. वरचे नको म्हणतत मा?"

खालच्या वाडीचे दोघे जण दारातून परत फिरले. "शिमग्याक पयलो तुमचो, पालखेक पयलो तुमचो. सुयेक तरी आमचो!"

"तुमचो कसो?" वरच्या वाडीतून आवाज आला. "देवळात जा काय होता, ता तात्यांच्या हातान सुरू होता."

"तात्यांका जमना नाय तर आमी आसव!"

ज्यांना मघाशी सुई नको होती ते आता तिच्यावरून हमरीतुमरीवर आले. म्हातारीला मध्ये पडावं लागलं. तात्या मात्र खांबाजवळ उभे होते आणि स्वतःच्या हाताकडे बघत होते. मला वाटलं, म्हातारा सुईला घाबरतो. खालच्या वाडीचा एक जण बाही वर करून पुढे आला तेव्हा तात्यांनी त्याला हाताने बाजूला केलं, टेबलासमोर बसले आणि बोट पुढे केलं. "घे." मग अख्खं गाव रांगेत, मानाच्या क्रमाने.

संध्याकाळी पहिलीच काच लावली, मानाची, तात्यांची. काजूच्या बियांसारखे वाकडे जंतू. ताप उतरून गेल्यावरही रक्तात राहतात ते नवरा-नवरी, पुढच्या डासाची वाट बघत बसलेले.

टेम्पो यायच्या सकाळी मी लवकर तात्यांकडे गेले. गोठ्याला लागून पडवी, पडवीत त्यांची खाट. मला बघून त्यांनी पाय खाली सोडले. विचारलं नाही, काय मिळालं ते.

"तात्यांनू, मधे ताप येवन गेलो काय?"

"इल्लो. मुंबैक झिलाकडे गेल्लंय. शेजारी बिल्डिंग बांधतत, थंय डास ह्ये! हय इल्यावर हुडहुडी भरली."

"गोळ्यो घेतल्यात?"

"दोन घेतलंय. कडू, माते! ताप गेलो. बाकीच्यो गोठ्यामागे टाकलंय."

"आणि कोणाक सांगलात नाय?"

तात्यांनी पंचा सारखा केला. "शिमगो तोंडार. तापात आसय म्हटलंय आसता तर गाऱ्हाण्याचो मान खालच्या वाडीक गेलो आसतो. म्हटलंय, एवढो शिमगो जावंदे."

मी गोळ्यांची पुडी खाटेवर ठेवली. म्हणाले, ह्या वेळी सगळ्या घ्यायच्या, आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना दाखवायचं. पोरांनाही आज औषध देतो, ती बरी होतील. आणि हे फक्त आपल्या दोघांत राहील, बाबलमामांनाही मी सांगितलेलं नाही.

"आणि ती बायल?"

"टेम्पो तुम्ही मागवलात. तुम्हीच थांबवा."

"कारण काय सांगू?"

"कायव सांगा. तुमचो शबुद कोण मोडतलो?"

तात्यांनी मान हलवली आणि आत गेले. मी निर्धास्त झाले. मला वाटलं, केवढी शहाणी मी. एका म्हाताऱ्याची अब्रू राखली, एका बाईला वाचवलं, आणि वर कोणाला पत्ता नाही. त्या वयात आपण सगळं निस्तरू शकतो असं वाटतं.

टेम्पो देवळासमोर लागला. गाव जमलं होतं, लग्नाचं वऱ्हाड निरोप द्यायला जमतं तसं, पण कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. मनमाया गाठोडं घेऊन काजूच्या सावलीत बसली होती, नवरा मूल घेऊन उभा. तात्या आले. ते नेहमीच्या पंच्यात नव्हते, धुतलेलं धोतर, वर कोट, काखेत छत्री.

ड्रायव्हरने विचारलं, "तात्यांनू, न्यायचा कोणाक?"

"जेणा ताप हाडलो तेका," तात्या म्हणाले, आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर पाय ठेवून स्वतः चढायला लागले.

"तात्या, खंय चल्लात?"

"ठराव माझोच मा?" वर चढून ते वळले. गाऱ्हाणं घालायच्याच आवाजात म्हणाले, "मुंबैसून ताप मीया हाडलंय. माझ्या रगतात मिळालो. ह्या बायलेचो काय्येक संबंध नाय, तिका दूध साकळून ताप इलो. आता कोणाक काय बोलाचा आसात तर बोला, नायतर गाडी दवाखान्याक हाकूंदे."

मी बाबलमामांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. खालच्या वाडीच्या माणसांकडून एखादा टोमणा येणार, असं मी धरून चालले होते. त्यांच्यातला जो बाही वर करून आला होता तोच पुढे झाला, मनमायाचं गाठोडं उचलून तिला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि तात्यांना म्हणाला, "ऊन लागात. फुडे बसा की वायच चेपान."

"नको. पोराक फुडे जागा होई," तात्या म्हणाले, आणि मागे आंब्याच्या रिकाम्या क्रेटवर छत्री उघडून बसले.

हे लिहिताना मला जरा हळहळ वाटते. आता हिवताप बघायला बोटाचा थेंब एका पट्टीवर टाकतात आणि चहा उकळेपर्यंत उत्तर येतं. चांगलंच आहे ते. पण डास आता फारसं कोणी चिरत नाही, आणि ती म्हातारी डासीण कुठून आली, कोणाकोणाकडे जेवली, हे विचारणारं माणूस राहिलं नाही. बाबलमामा गेले. त्यांच्या मुलाने नळी दाखवून मला विचारलं होतं, "ह्या काय?" मी म्हटलं, "फुंक मारू नकोस, ओढ." त्याने ओढलं नाही. बापापेक्षा शहाणा निघाला.

तर, संध्याकाळ. मी सगळ्या पोरांना गोळ्या देऊन, त्यांची तोंडं वाकडी झालेली बघून, दुर्बीण बांधून ठेवली होती. टेम्पोचा आवाज आला तशी देवळासमोर परत माणसं गोळा झाली. कोणी बोलावलं नव्हतं. पुढे मनमाया होती, फिकी, पण डोळे उघडे. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला होता, एका बाजूला पट्टी. नवरा उतरून मागे गेला आणि तिथेच थांबला. आम्ही पुढे झालो. तात्या क्रेटवर तसेच बसले होते, कोटाचं बटण उघडं, आणि कोटाच्या आत, छातीशी, मनमायाचं मूल निजलेलं.

"उतरा तात्यांनू," बाबलमामा म्हणाले, "गावात इलास."

तात्यांनी फक्त बोट तोंडावर ठेवलं. "आत्ताच डोळो लागलो," ते पुटपुटले. "जागा जायत."

मग आम्ही सगळे, वरची वाडी, खालची वाडी, ड्रायव्हर आणि मी, टेम्पोभोवती न बोलता उभे राहिलो, ते पोर उठेपर्यंत.